स्लो मोशनमधला चोर

३० सप्टेंबर २०२३ च्या रात्री साडेदहाच्या पुढेमागे लिव्हरपूल या इंग्लिश फुटबॉल क्लबच्या चाहत्यांच्या आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो आला. टॉटनहॅमच्या मैदानावर लिव्हरपूलच्या लुईस डियाझनं गोल मारला होता, सहायक पंचानं ऑफसाइडचं निशाण वर करून तो नाकारला होता आणि व्हिडिओवर बसलेल्या पंचानं, म्हणजे व्हीएआरनं, ते तसंच राहू दिलं होतं. फोटोत टीव्हीचा पडदा थांबवलेला. डियाझ ऑफसाइड नाही हे शेंबड्या पोरालाही कळावं. पाठोपाठ दुसरा फोटो आला, व्हीएआर डॅरेन इंग्लंडचा. खाली अस्सल मराठी शिव्या, त्यातली एक त्याच्या आईवरून. मी हसणारे तीन चेहरे टाकले आणि तो फोटो आणखी दोन ग्रुपांवर ढकलला.

तीन दिवसांनी व्हीएआरच्या खोलीतलं संभाषण पंचांच्या संघटनेनं जाहीर केलं. ऐकताना पोटात गोळा येतो. डॅरेन इंग्लंडनं ऑफसाइडची रेघ बरोबर तपासली होती. डियाझ ऑफसाइड नाही हे त्याला दिसलंही होतं. पण मैदानावर गोल दिलेला आहे अशा समजुतीत तो होता, म्हणून ‘तपासणी पूर्ण’ म्हणून मोकळा झाला. काही क्षणांनी रिप्ले चालवणाऱ्या तंत्रज्ञानं विचारलं, हे तुम्हाला मान्य आहे ना, मैदानावरचा निर्णय तर ऑफसाइडचा होता. तेव्हा त्याच्या तोंडून शिवी निघाली. तोवर खेळ पुन्हा सुरू झालेला, आणि एकदा खेळ सुरू झाला की नियमानं मागं फिरता येत नाही. वरचं नाव न वाचता खालची सगळी बेरीज तपासून शिक्का मारावा, तशातली ही चूक. मोठी होती, महागात पडली. लिव्हरपूल २-१ हरलं, तेही ९६व्या मिनिटाच्या स्वयंगोलनं. त्या चुकीची वकिली मी करत नाही. पण तो माणूस चोर नव्हता, आणि आम्ही त्याला चोर ठरवायला दहा मिनिटंही घेतली नव्हती.

अशा वेळी सगळ्यांच्या सोयीचं एक उत्तर तयार असतं: सोशल मीडियावरचे बिननावाचे टोळभैरव. फुटबॉल संघटना तेच म्हणतात, क्लब तेच म्हणतात, आणि वाहिन्या तर सर्वांत मोठ्यानं म्हणतात. एप्रिल २०२१ च्या अखेरीस इंग्लंडमधल्या क्लबांनी ऑनलाइन शिवीगाळीच्या निषेधार्थ चार दिवस सोशल मीडिया बंद ठेवला, तेव्हा सामने दाखवणाऱ्या वाहिन्याही त्यात सामील झाल्या. चांगलंच केलं. पण त्या चार दिवसांत रिप्ले दाखवायच्या पद्धतीत कोणी काडीचाही बदल केला नाही. आग लावणाऱ्याला शोधायचं आणि रॉकेल कोणाच्या दुकानातून आलं ते विचारायचं नाही, असा हा प्रकार. माझं म्हणणं एवढंच आहे की या प्रकरणात टीव्हीला नामानिराळं राहता येणार नाही.

हा रोग सोशल मीडियानं जन्माला घातलेला नाही, हे सांगायला उर्स मायर पुरे. २४ जून २००४, युरो स्पर्धेची उपउपांत्य फेरी, इंग्लंड विरुद्ध पोर्तुगाल. अखेरच्या मिनिटांत सोल कॅम्पबेलचा गोल या स्विस पंचानं रद्द केला, कारण जॉन टेरीनं गोलरक्षकाला अडवलं होतं. इंग्लंड पेनल्टीवर हरलं. ‘द सन’ या वृत्तपत्रानं मायर यांचा ईमेल पत्ता छापला. सुमारे १६ हजार मेल आले, जिवे मारायच्या धमक्या आल्या, पोलीस संरक्षण घ्यावं लागलं. ट्विटर तेव्हा जन्मायचं होतं. पत्ता पुरवला की काम भागतं, ते कोणत्या यंत्रावरून पुरवला याला फारसा अर्थ नसतो. (आपणही फार वेगळे नव्हतो. जानेवारी २००८ मध्ये सिडनी कसोटीत स्टीव्ह बकनर यांनी सायमंड्सला जीवदान दिल्यावर आपल्याकडे त्यांचे पुतळे जळाले होते, आणि वाहिन्यांनी ते जळतानाचं दृश्यही मन लावून दाखवलं होतं.)

आता मुद्द्याचं. फुटबॉलचे नियम करणाऱ्या मंडळानं व्हीएआरसाठी एक कार्यपद्धती घालून दिली आहे. तीत एक कलम असं आहे की स्लो मोशन फक्त वस्तुस्थितीसाठी वापरायचं: पाय कुठं लागला, चेंडू हाताला लागला का, रेषेबाहेर गेला का, फाउल पेनल्टीच्या चौकोनाच्या आत की बाहेर. फाउल किती जोरकस होता, किंवा हाताला लागलेला चेंडू हँडबॉल धरायचा का, हे ठरवायचं तर दृश्य खेळाच्या खऱ्या वेगात पाहायचं. कारण सरळ आहे. संथ गतीत प्रत्येक पाय मुद्दाम उचललेला वाटतो. धावत्या माणसाला थांबायला वेळ नव्हता, ही गोष्टच पडद्यावरून पुसली जाते.

हे नुसतं म्हणणं नाही. बेल्जियममधल्या ल्यूव्हेन विद्यापीठाच्या संशोधकांनी ८८ निष्णात पंचांना फाउलांची दृश्यं दाखवली, काही खऱ्या वेगात, काही संथ. फाउल आहे की नाही हे ओळखण्यात फारसा फरक पडला नाही, पण संथ गतीत पाहणाऱ्यांच्या शिक्षा कडक झाल्या. ही ज्यांची रोजीरोटी आहे अशा लोकांची गत. २०१६ साली अमेरिकेत झालेला दुसरा अभ्यास तर खुनाच्या खटल्यात दाखवतात तशा चित्रफितींवर होता. संथ गतीत पाहणाऱ्यांना आरोपीचा हेतू जास्त पक्का वाटला. प्रत्यक्षात किती सेकंद गेले हे पडद्यावर लिहून दाखवल्यावर तो परिणाम कमी झाला, पण पुसला गेला नाही.

म्हणजे पंचानं काय कसं पाहायचं याला कलमं आहेत. त्याच पंचाला आपल्यापुढं उभं करणाऱ्या टीव्हीच्या दिग्दर्शकाला एकही नाही. तो फाउल पाच कोनांतून दाखवतो, त्यातले चार संथ. मग ज्या क्षणी बूट पायाला टेकतो त्या क्षणी दृश्य गोठवतो, आणि पुढचं चित्र थेट पंचाच्या चेहऱ्याचं. समालोचक एक शब्द न बोलताही खटला उभा राहिलेला असतो.

२५ जानेवारी २०२५ चा वुल्व्हज-आर्सेनल सामना घ्या. ४३व्या मिनिटाला आर्सेनलच्या मायल्स लुईस-स्केलीनं प्रतिहल्ला तोडायला मॅट डोहर्टीला पाडलं. पिवळ्या कार्डाचं काम. पंच मायकेल ऑलिव्हर यांनी लाल काढलं आणि व्हीएआरनं ते कायम ठेवलं. व्हीएआर पुन्हा डॅरेन इंग्लंडच. तीन दिवसांत अपिलात ते कार्ड रद्द झालं, म्हणजे चूक झाली होती हे यंत्रणेनंच मान्य केलं. पण मधल्या काळात ऑलिव्हर यांना आणि त्यांच्या घरच्यांना ज्या धमक्या आल्या, त्यांचा तपास पोलिसांकडे गेला. लुईस-स्केलीचं कार्ड पुसलं गेलं. ऑलिव्हर यांच्या घरच्यांसाठी अपील समिती नाही. आणि ही त्यांची पहिली खेप नव्हती. २०१८ मध्ये माद्रिदला त्यांनी युव्हेंटसविरुद्ध ९३व्या मिनिटाला पेनल्टी दिली होती. सामन्यानंतर कॅमेऱ्यासमोर युव्हेंटसचा गोलरक्षक जानलुइजी बुफोननं सांगितलं की या माणसाच्या छातीत काळजाच्या जागी कचऱ्याचा डबा आहे. ते वाक्य जगभर फिरलं, आणि ऑलिव्हर यांच्या पत्नीच्या फोनवर धमक्या पोचल्या.

बुफोन रागावला यात नवल नाही. नुकताच लाल कार्ड मिळालेला, घामानं निथळणारा, संघासह स्पर्धेतून बाहेर पडलेला माणूस. प्रश्न असा की त्या अवस्थेत त्याच्या तोंडासमोर माइक कोणी धरला? शिट्टी वाजल्यावर काही मिनिटांत प्रशिक्षकानं आणि खेळाडूनं कॅमेऱ्यासमोर यायचं, हे मोठ्या लीगांत प्रक्षेपणाच्या करारातच असतं. आणि पहिला प्रश्न पंचाबद्दलच असतो. आपल्याकडे मयताच्या दारात ‘आपको कैसा लग रहा है’ विचारणाऱ्या बातमीदाराला आपण नावं ठेवतो. हा त्याचाच कोट घातलेला भाऊ.

प्रीमियर लीगचे २०२५-२६ पासूनच्या चार हंगामांचे ब्रिटनमधले प्रक्षेपणाचे हक्क ६.७ अब्ज पौंडांना गेले. एवढा पैसा नव्वद मिनिटांत वसूल होत नाही. सामन्याआधीचा तास, मध्यंतर, सामन्यानंतरचा तास, रविवारचा कार्यक्रम, सोमवारचा कार्यक्रम, आणि चोवीस तास चालणारी क्लिपांची गिरणी, या सगळ्यांना दळायला काहीतरी लागतं. सुंदर गोल दोनदा पाहून होतो. वादग्रस्त पेनल्टी आठवडाभर पुरते. म्हणून सामना चालू असतानाच वाहिनीच्या खात्यावर क्लिप येते, सोबत पंचाचा फोटो आणि निरागस प्रश्न: तुम्हाला काय वाटतं? लोकांना काय वाटतं ते खालच्या प्रतिक्रियांत असतं. त्याच संध्याकाळी तीच वाहिनी गंभीर चेहऱ्यानं बातमी देते की पंचाला ऑनलाइन धमक्या आल्या.

याचं टोक पाहायचं तर स्पेनला जावं लागतं. रेआल माद्रिदची स्वतःची वाहिनी आहे, रेआल माद्रिद टीव्ही. सामन्याआधी, त्या सामन्याला जो पंच नेमला असेल त्याच्या जुन्या ‘चुकां’ची चित्रफीत ती दाखवते. खेळ सुरू व्हायच्या आधीच आरोपपत्र. २५ एप्रिल २०२५ ला, कोपा देल रे या स्पॅनिश चषकाच्या माद्रिद-बार्सिलोना अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी, सेव्हियात पंच रिकार्दो दे बुर्गोस बेंगोएचेआ पत्रकारांसमोर बसले होते. या चित्रफितींचा विषय निघाला. ते सांगू लागले की मुलगा शाळेत जातो, तिथं पोरं त्याला म्हणतात तुझा बाप चोर आहे, आणि तो रडत घरी येतो. एवढं बोलून त्यांनाच रडू आवरेना. आपला बाप प्रामाणिक आहे, चुकू शकतो पण प्रामाणिक आहे, हे मुलाला समजावतो, असंही ते म्हणाले.

क्लबनं काय करावं? त्या दिवशीची आपली पत्रकार परिषद आणि सराव रद्द केला आणि पंचांच्या बोलण्यात आपल्याविषयी वैरभाव दिसतो असं निवेदन काढलं. दुसऱ्या दिवशी बार्सिलोना जादा वेळेत ३-२ जिंकलं. शेवटच्या मिनिटांत माद्रिदच्या रुडिगरनं बाकावरून पंचाच्या दिशेनं वस्तू भिरकावली आणि सहा सामन्यांची बंदी ओढवून घेतली. वाहिनीवर कोणाची बंदी नाही.

इथं माझे स्पॅनिश फुटबॉल पाहणारे मित्र लगेच नेग्रेइराचं नाव काढतात, आणि ते काढायलाच हवं. स्पेनच्या पंच समितीचे उपाध्यक्ष असलेल्या या गृहस्थांच्या कंपन्यांना बार्सिलोनानं २००१ ते २०१८ या काळात ७० लाख युरोंहून अधिक रक्कम दिली. ते अहवालांचे पैसे होते असं क्लब म्हणतो. प्रकरण न्यायालयात गेलं. जर्मनीत तर रॉबर्ट होयझर या पंचानं सट्टेबाजांकडून पैसे घेऊन सामने फिरवल्याचं कबूलच केलं आणि २००५ मध्ये त्याला तुरुंगवासाची शिक्षा झाली. मग पंचावर संशय घ्यायचा नाही तर काय त्याची आरती करायची?

संशय जरूर घ्या. पण ही दोन प्रकरणं उघडकीला कशी आली ते पाहा. होयझरचा संशय त्याच्याच चार सहकारी पंचांनी जर्मन महासंघाला कळवला. नेग्रेइराचे पैसे करखात्याच्या चौकशीत सापडले, आणि ती बातमी फेब्रुवारी २०२३ मध्ये फोडली ती एका रेडिओ वाहिनीनं. रेडिओवर रिप्ले नसतो. खरा भ्रष्टाचार कागदांत होता, बँकेच्या नोंदींत होता, माणसांच्या बोलण्यात होता. तो शोधायचा तर बातमीदार ठेवावे लागतात, महिनोन् महिने पगार द्यावे लागतात. माजी खेळाडूला खुर्चीत बसवून ‘हे तर अविश्वसनीय आहे’ म्हणवून घेणं स्वस्त पडतं. आणि यातून नुकसान असं होतं की रोजच ‘चोर, चोर’ ऐकून कान इतके किटतात, की खरा चोर आला तरी तोही त्याच गलबल्यात मिसळून जातो.

एक उपाय पुष्कळदा सुचवला जातो तो पारदर्शकतेचा. क्रिकेट पाहणाऱ्या आपल्या लोकांना तो लगेच पटतो. तिसरा पंच काय मागतो, अल्ट्राएज कधी बघतो, कशावरून निर्णयाला येतो, हे आपण घरबसल्या ऐकतो. निर्णय पटला नाही तरी तो कसा झाला ते कळतं. फुटबॉलमध्ये ते संभाषण थेट ऐकवत नाहीत. इंग्लंडमध्ये निवडक तुकडे नंतर एका कार्यक्रमात लावतात. थेट ऐकवावं, याच्या मी बाजूनं आहे. फक्त त्यानं शिव्या थांबतील अशी आशा नको. एप्रिल २०२३ मध्ये बोखुमच्या मैदानावर साशा श्टेगेमान या जर्मन पंचानं डॉर्टमुंडला पेनल्टी नाकारली. दोनच दिवसांत तो स्वतः टीव्हीवरच्या गप्पांच्या कार्यक्रमात येऊन बसला आणि माझं चुकलं म्हणाला. तरी जिवे मारायच्या धमक्या आल्या. डॉर्टमुंडचं विजेतेपद पुढं गोलफरकानं हुकलं, तेव्हा त्याचं काय झालं असेल याची कल्पना करावी.

या सगळ्यात खेळाचं काय होतं, हे माइक डीन यांनी नकळत सांगून टाकलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये एका आठवड्यात त्यांनी दिलेली दोन लाल कार्डं अपिलात रद्द झाली. घरच्यांना धमक्या आल्या आणि पुढच्या आठवड्यात मला लीगचा सामना देऊ नका, असं त्यांनी स्वतःहून सांगितलं. पुढं ते व्हीएआर असताना, ऑगस्ट २०२२ मध्ये, चेल्सी-टॉटनहॅम सामन्यात रोमेरोनं कुकुरेयाचे केस ओढले. त्यांना दिसलं. मैदानावरचा पंच अँथनी टेलर याला कडेच्या पडद्यावर रिप्ले बघायला पाठवायला हवं होतं. वर्षभरानंतर एका पॉडकास्टवर त्यांनी कबूल केलं की नाही पाठवलं, कारण टेलर मित्र होता, त्या सामन्यात त्याच्या डोक्याला आधीच पुरेसा ताप होता आणि त्यात भर नको होती. चूक कमी व्हावी म्हणून आणलेलं यंत्र, आणि ते चालवणाऱ्याच्या मनात उद्याच्या गदारोळाची भीती! निवृत्तीनंतर डीन एका वाहिनीवर पंचांच्या निर्णयांचे विश्लेषक म्हणून रुजू झाले, ही गंमत वेगळीच.

वाहिन्यांकडून मला फार काही नको आहे. पंचाला जो नियम आहे तोच त्यांनी स्वतःला लावून घ्यावा: फाउल आधी खऱ्या वेगात, शेवटी पुन्हा खऱ्या वेगात, संथ गती फक्त ‘कुठं लागलं’ एवढ्यासाठी. गोठवलेल्या चौकटीनंतर पंचाचा चेहरा दाखवायचा नाही. क्लिप टाकताना त्याचा फोटो चिकटवायचा नाही. हरलेल्या प्रशिक्षकाला अंघोळ करू द्यावी, मग विचारावं. टीका हवी तेवढी करा. निर्णयाचा कीस काढायला माझी काहीच हरकत नाही, मी स्वतः तो आवडीनं काढतो. यानं प्रेक्षक कमी होतील का? थोडे होतीलही.

आमच्या कोल्हापुरात हे सगळं लहान मापात चालतं. शाहू स्टेडियमवर तालमींच्या फुटबॉल संघांचे सामने म्हणजे पेठेपेठेची इज्जत. पंचाला शिव्या देणं हा तिकिटात धरलेला हक्क. पण पूर्वी शिवी गॅलरीतून निघायची आणि मैदानात विरायची. आता सामने यूट्यूबवर थेट दिसतात, आणि गल्लीतल्या पोराला स्क्रीन रेकॉर्ड करून, वेग अर्ध्यावर आणून, लाल वर्तुळ काढायला पाच मिनिटं लागतात. माझ्या ओळखीचे एक पंच आहेत. दिवसा नोकरी, संध्याकाळी शिट्टी. मागं एका सामन्यात त्यांनी पेनल्टी दिली नाही, त्यावरून दोन दिवस त्यांची क्लिप फिरली. नंतर चहाच्या गाड्यावर भेटले.

“शिव्यांचं काय न्हाई हो, पहिल्यापासनं खातोय,” ते म्हणाले. “पण ही क्लिप आमच्या फॅमिली ग्रुपवर टाकली कुणी म्हाईत हाय? माझ्या सख्ख्या मेव्हण्यानं. दोन दिवस स्टेटसला ठेवलीती.”

मी विचारलं, पेनल्टी होती का पण? त्यांनी कपात बघितलं.

“खरं सांगू? चाळीसदा बघितली मी ती क्लिप. एकदा वाटतंय होती, एकदा वाटतंय नव्हती.” मग मोबाइल काढून माझ्यापुढं धरला. “तुम्हीच बघा की.”

मी म्हटलं, आधी खऱ्या वेगात लावा. ते म्हणाले, खऱ्या वेगातली कुणाकडंच न्हाई.